उत्तर इंग्लंडमधील उंची ग्रामीण घरांची बाजारपेठ : काही संज्ञांचा अर्थविचार

उत्तर इंग्लंडमध्ये उंची ग्रामीण घरांची जी खरेदीविक्री चालते, तिच्या जाहिरातींत 'ग्रेंज', 'ओल्ड रेक्टरी', 'बार्न', 'फार्महाउस' हे शब्द वारंवार आढळतात. हे सर्व शब्द मुळात वास्तूच्या उपयोगाचे वाचक होत. आज ते प्रतिष्ठेचे, पर्यायाने किमतीचे वाचक झाले आहेत. हा अर्थपालट ध्यानात घेतल्यास या बाजारपेठेची घडणही उलगडते.

'ग्रेंज' हा शब्द धान्यवाचक लॅटिन शब्दापासून निघाला आहे. मध्ययुगात मठांच्या दूरवरच्या शेतवाड्यांस ही संज्ञा होती. यॉर्कशरमधील फाउंटन्स मठाच्या अशा अनेक शेतवाड्या होत्या. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले. जमिनी खाजगी मालकांकडे गेल्या, नाव मात्र टिकले. आणि १९ व्या शतकात तर शेतीशी संबंध नसलेल्या नव्या घरांसही ते देण्यात येऊ लागले. 'रेक्टरी' म्हणजे धर्मोपदेशकाचे निवासस्थान. विसाव्या शतकात, देखभाल परवडेनाशी झाल्याने, चर्चने अशी अनेक प्रशस्त घरे विकली. म्हणूनच 'ओल्ड रेक्टरी' यातील 'ओल्ड'चा अर्थ 'जुनी' यापेक्षा 'माजी' असा घेणे युक्त होय. 'बार्न' हे शेतकऱ्याचे कोठार. आधुनिक यंत्रांस ते अपुरे पडू लागल्यावर त्याचे निवासात रूपांतर होऊ लागले.

या घरांस गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः शहरांतून. १८४२ मध्ये आल्डर्ली एज येथे आणि १८४७ मध्ये विंडरमिअर येथे रेल्वे पोहोचली, आणि मँचेस्टरचे धनिक तेथे घरे बांधू लागले. आजही चेशरमधील आल्डर्ली एज, विल्म्‌स्लो व प्रेस्टबरी, तसेच यॉर्कशरमधील हॅरोगेट, वेदरबी व लीड्सचा उत्तर भाग या पट्ट्यांस 'सुवर्ण त्रिकोण' म्हणतात. पुरवठा मात्र मर्यादित आहे. पीक डिस्ट्रिक्ट व लेक डिस्ट्रिक्ट (१९५१), नॉर्थ यॉर्क मूर्स (१९५२), यॉर्कशर डेल्स (१९५४) आणि नॉर्थंबरलंड (१९५६) ही राष्ट्रीय उद्याने व शहरांभोवतीचे हरित पट्टे यांत नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. साहजिकच जुन्या वास्तूचे मोल वाढते.

जाहिरातीतील सर्वच संज्ञा अशा सैल झालेल्या नाहीत. 'लिस्टेड' हा शब्द कायद्याचा आहे. १९९० च्या कायद्यान्वये सूचीबद्ध वास्तूचे स्वरूप बदलणारे फेरफार परवानगीविना करणे हा गुन्हा ठरतो. इतकेच नव्हे, तर आधीच्या मालकाने केलेले असे फेरफार पूर्ववत करण्याचा आदेश नव्या मालकावरही बजावता येतो. जो खरेदीदार या शब्दास केवळ भूषण समजतो, त्यास तो महाग पडतो.

अर्थपालटाची खरी किंमत मात्र स्थानिक रहिवासी देतो. 'फार्महाउस' व त्याची शेतजमीन पुष्कळदा निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकली जाते. मग नावात शेत राहते, घरात शेतकरी राहत नाही. सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे वाढली, की तेथे काम करणाऱ्यांस घर परवडत नाही. २०२३ च्या कायद्याने अशा दुय्यम घरांवर जादा कर बसविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस दिला, आणि एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशरमध्ये त्यांवर सामान्यतः दुप्पट घरपट्टी आकारण्यात येऊ लागली. लेक डिस्ट्रिक्टमध्ये काही घरे स्थानिकांसाठीच राखून ठेवण्याची अट असते. तेथे 'स्थानिक' कोणास म्हणावे याची व्याख्या करावी लागते. जो शब्द गावात कोणास समजावून सांगावा लागत नसे, त्याची व्याख्या करण्याची पाळी यावी, यातच या बाजारपेठेचा परिणाम दिसून येतो.