ताफ्याचा खर्च कुठल्या वहीत?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका वहिनींना डायलिसिससाठी एसटीनं जिल्ह्याच्या गावी घेऊन निघाले होते. अकराची वेळ ठरलेली. वाटेत चौकात पोलिसांनी बस थांबवली. मंत्रीसाहेब येणार होते! पाच मिनिटं, पाच मिनिटं म्हणता म्हणता पाऊण तास गेला. मग सायरन वाजवत गाड्या आल्या. पुढच्या सीटवरच्या शाळकरी मुलीनं त्या मोजल्या. चौदा! साहेब नेमके कुठल्या गाडीत होते, ते काही कुणाला दिसलं नाही.

वहिनींचा नंबर गेला. मशीन मिळालं ते तीन वाजता. घरी पोचेपर्यंत रात्र झाली.

त्या रात्री दुधा-किराण्याची वही लिहिताना सहज मनात आलं, या चौदा गाड्यांचा खर्च कुणाच्या वहीत लिहिला असेल?

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा गेला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण दिवा गेला, ताफा राहिला. जुलै २०२० मध्ये, ऐन कोरोनात इतर खर्चांना कात्री लागलेली असताना, आपल्या राज्यात शिक्षण-क्रीडा खात्याच्या मंत्री-अधिकाऱ्यांसाठी सहा गाड्या मंजूर झाल्या, एकेक २२ लाख ८३ हजारांची. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्र्यांच्या गाडीची मर्यादा ३० लाख ठरली, कर आणि नोंदणी वेगळी. राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना तर मर्यादाच नाही.

आता मंत्र्यानं फिरू नये असं कोण म्हणेल? गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एवढं मोठं राज्य, गाडी हवीच. सुरक्षाही हवी. आम्हा बायकांना मार्च २०२३ पासून एसटीचं अर्धं तिकीट आहे, तेही सरकारी तिजोरीतूनच की! पण त्याची चर्चा चहाच्या टपरीवर रोज होते, ताफ्याची होत नाही.

कारण हा खर्च एका जागी दिसतच नाही. साहेबांची गाडी एका खात्याची. पोलिसांच्या गाड्या गृह खात्याच्या. महसूलवाल्यांची जीप, बांधकाम खात्याच्या इंजिनिअरांची गाडी, मागची ॲम्ब्युलन्स, प्रत्येकाचं डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार आपापल्या खात्यात. आपल्या घरात लग्न निघालं आणि काकांनी मांडव, मामांनी जेवण, आत्यानं बँड परस्पर ठरवला, तर लग्नाला किती लागले हे नवरीच्या बापालाही सांगता येणार नाही. तसंच हे. आणि चौकात अडलेल्या बसमधल्या माणसांचा पाऊण तास? तो तर कुठल्याच खात्यावर पडत नाही.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, बस. आमचे हे म्हणाले, "आता घरी पोलीस बोलाव!" तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. दोन कार्यालयांनी लिहिलं, माहिती आमच्याकडे नाही. खरं तर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे अर्ज पाठवणं त्यांच्यावरच बंधनकारक आहे. एका कार्यालयानं मात्र प्रामाणिकपणे लॉगबुकच्या पानाची झेरॉक्स दिली, दोन रुपये घेऊन. त्यात एवढंच, "मा. मंत्री महोदयांचा दौरा, ११२ कि.मी."

चौदातली एक गाडी सापडली. तेरा राहिल्या.

वहिनींना ते पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "अपिलाला किती लागतात?" म्हटलं, वीस रुपये. परवा गटाच्या मीटिंगला येताना त्या स्टॅम्प घेऊनच आल्या. अर्ज लिहून झालाय. सोमवारी डायलिसिसला जाताना पोस्टात टाकू.