खांब काढले कुणी?

(लेखांक सातवा)

विश्वनिर्मितीचा भरतकाम-पट आज उलगडायचा, असं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. तो एक आठवडा पुढे जातो आहे, कारण एका वाचकाच्या पत्रानं लेखमालेला पुन्हा कॅटलोनियातल्या जिरोना कॅथीड्रलच्या त्या अवाढव्य दालनात ओढून नेलं आहे. पत्रलेखकाचं आयुष्य बांधकामांवर देखरेख करण्यात गेलं आहे. ते विचारतात, 23 मीटरचा गाळा मध्ये एकही खांब न देता दगडी छतानं झाकायचा, हे एकट्या मिस्त्रीच्या जबाबदारीवर होणं शक्य नाही. मग मंजुरी दिली कुणी आणि कशाच्या आधारावर? प्रश्न नेमका आहे. आणि अभ्यासकांचं भाग्य असं की या मंजुरीची जवळजवळ सगळी सुनावणी लिहून ठेवलेली आहे. मध्ययुगातल्या फार थोड्या इमारतींबद्दल असं म्हणता येतं.

आधी वाद कुठे अडला होता ते पाहायला हवं. जुनं रोमनेस्क चर्च पाडत पाडत नवं गॉथिक काम 1312 मध्ये वेदीच्या बाजूनं सुरू झालं आणि 1347 पर्यंत तो भाग पुरा झाला. हा भाग तत्कालीन रिवाजानुसार तीनदालनी आहे: मधला उंच गाळा, दोन्ही अंगांना कमी उंचीचे गाळे आणि वेदीमागून फिरणारा प्रदक्षिणामार्ग. आता पश्चिमेकडे लोकांना बसायचा भाग बांधायचा होता. तोही तीनदालनी करायचा, की खांबांच्या दोन्ही रांगा काढून टाकून सगळी रुंदी एकाच दालनात घ्यायची? एकदालनी बेतावर काम सुरूही झालं होतं, पण मनं धजावत नव्हती. 1386 मध्ये जाणत्या मिस्त्रींना एकदा विचारून झालं. शंका मात्र फिटल्या नाहीत.

त्या शंका भित्रेपणाच्या नव्हत्या. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले की त्यांच्या खालच्या कडा बाहेर घसरू पाहतात. दगडी कमानीचंही तेच. तिचा भार सरळ खाली उतरत नाही, तो भिंतींना बाहेर लोटतो, आणि गाळा रुंदावत जाईल तसा हा रेटा वाढतो. फ्रान्समध्ये आमियाँच्या कॅथीड्रलचं मधलं दालन साधारण साडेचौदा मीटर रुंद आहे, आणि तेवढ्यासाठीही बाहेरून उडत्या कमानींचे टेकू द्यावे लागले. बोव्हेमध्ये 48 मीटर उंचीवर नेलेल्या छताचा काही भाग 1284 मध्ये कोसळला होता. जिरोनाची मंडळी तर आमियाँच्या दीडपट गाळा घ्यायला निघाली होती.

कामाचा मुख्य मिस्त्री गिल्येम बोफिल एकाच दालनावर ठाम होता. बिशप दालमाऊ दे मूर आणि कॅथीड्रलचं धर्ममंडळ यांनी त्याच्या शब्दावर विसंबून काम पुढे रेटलं नाही, की घाबरून ते बंदही केलं नाही. 1416 आणि 1417 या वर्षांत त्यांनी ठिकठिकाणचे नावाजलेले मिस्त्री बोलावले. तार्रागोना, तोर्तोसा, बार्सेलोना, मान्रेसा, पेर्पिन्याँ, थेट नार्बोनपर्यंतची माणसं आली. बोफिल धरून एकूण 12. त्यांना एका सभेत बसवून चर्चा घडवली नाही. प्रत्येकाला वेगळं बोलावलं, शपथ दिली, सगळ्यांना तेच 3 प्रश्न विचारले आणि उत्तरं नोटरीनं उतरवून घेतली. भिडेखातर कुणी कुणाच्या होला हो मिळवू नये, याची किती काळजी!

पहिला प्रश्न: पूर्वी सुरू केलेलं एकदालनी काम धोका न पत्करता पुढे नेता येईल का? दुसरा: ते शक्य नसेल किंवा करायचं नसेल, तर तीनदालनी काम पुढे चालवणं योग्य होईल का, आणि बदल करायचा तर कुठवर, किती उंचीपर्यंत? तिसरा: वेदीचा जो भाग बांधून तयार आहे, त्याच्याशी दोन्हींपैकी कशाचा मेळ अधिक चांगला बसेल?

या प्रश्नांची मांडणी मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. इमारत उभी राहील का आणि इमारत शोभेल का, या दोन गोष्टी इथे काटेकोरपणे वेगळ्या काढल्या आहेत. एरवी वाद घालणारे त्यांची सरमिसळ करतात. ज्याला एखादा बेत आवडत नाही, त्याला तो धोक्याचाही वाटू लागतो. जिरोनाच्या धर्ममंडळानं ही पळवाटच ठेवली नाही.

उत्तरं आली. 7 जणांचा कल तीन दालनांकडे, 5 जणांचा एका दालनाकडे. तोर्तोसाहून आलेले शुल्बे पिता-पुत्र दोघंही तीन दालनांच्या बाजूचे. पण खरी मेख पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. तीन दालनांची शिफारस करणाऱ्यांपैकीही कित्येकांनी शपथेवर मान्य केलं की एकदालनी काम उभं राहील. मतभेद उरला तो मुख्यतः शोभेचा, प्रमाणाचा. दुसऱ्या बाजूनं शिल्पकार आंतोनी कानेतसारख्या माणसांनी एकाच दालनाचा पक्ष उचलून धरला. त्या बाजूचे मुद्दे होते भरपूर उजेड आणि कमी खर्च.

धर्ममंडळानं 1417 मध्ये अल्पमताच्या बाजूनं निकाल दिला. एकच दालन करायचं. ते अधिक भारदस्त दिसेल, स्वस्तात होईल आणि उजेडामुळे मन प्रसन्न करील. बहुमत डावलल्याचा दोष त्यांना देता येणार नाही. सुरक्षिततेची खात्री तज्ज्ञांकडून करून घेतल्यावर उरलेली निवड ज्यांचं चर्च त्यांनी करायची होती, आणि त्यांनी ती केली.

रेटा शेवटी पेलला कुणी, हा पत्रातला उपप्रश्न. उडत्या कमानी इथे नाहीत. भिंतींना काटकोनात उभे केलेले जाडजूड धिरे इमारतीच्या आतच घेतले आहेत आणि दोन-दोन धिऱ्यांच्या मधल्या जागेत छोटी प्रार्थनागृहं बसवली आहेत. आत फिरणाऱ्याला ती संतांची देवळं वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामधल्या त्या खोल आडभिंतींवर सगळं छत तोललेलं आहे. कॅटलोनियातल्या गवंड्यांची ही जुनी रीत. उत्तरेच्या बाजूला तर पाडापाडीतून वाचलेला अकराव्या शतकातला रोमनेस्क मनोरा, ज्याला लोक शार्लमेनचा मनोरा म्हणतात, तोच धिरा म्हणून कामाला लावला आहे.

नव्या-जुन्याचा सांधा आजही उघडा दिसतो. दालनात उभं राहून वेदीकडे पाहिलं की समोरच्या भिंतीत तीन कमानी दिसतात, मधली मोठी आणि बाजूच्या दोन लहान. जुना भाग बुटका असल्यामुळे कमानींच्या वर भिंतीचा मोठा पट्टा मोकळा राहिला. त्यात गोल खिडक्या काढल्या, त्याही तशाच: मध्ये मोठी, कडेला दोन छोट्या. काही समीक्षकांना हा सांधा ओबडधोबड वाटतो. या लेखमालेचं मत उलट आहे. तीनदालनी बेत पुढे नेला असता तर केवढं दिसलं असतं, याचं मोजमाप तिथे भिंतीवरच मिळतं, आणि त्यामुळेच पुढच्या 23 मीटरांची भव्यता कळते. गॉथिक चर्चमध्ये याहून रुंद दालन जगात दुसरं नाही.

बोफिलला ते पुरं झालेलं दिसलं नाही. पैसा तुटत राहिला आणि काम पिढ्यानपिढ्या रेंगाळलं; सतरावं शतक उजाडलं तेव्हा कुठे छत पुरं झालं.

साक्षीदारांपैकी एकाची कथा मात्र सांगायलाच हवी. पेर्पिन्याँहून आलेला गिल्येम साग्रेरा हा मूळचा मायोर्काचा. त्यानं एका दालनाच्या बाजूनं साक्ष दिली होती. पुढे पाल्मामध्ये त्यानं व्यापाऱ्यांचं सभागृह बांधलं. त्याचे पिळाचे सडपातळ खांब पाहायला आजही लोक जातात. मग आरागोनचा राजा आल्फोन्सो याच्या बोलावण्यावरून तो नेपल्सला गेला. तिथल्या कास्तेल नुओव्हो किल्ल्यात त्यानं दरबाराची चौरस खोली हाती घेतली. 1454 मध्ये तो वारला, आणि काम त्याच्या आप्तांनी पुढे नेलं. या खोलीचा गाळा 26 मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे जिरोनापेक्षाही मोठा, वर तारकाकृती दगडी छत आणि मधे एकही खांब नाही.

विश्वनिर्मितीचा पट पुढच्या आठवड्यात.