गाडी एका कोपऱ्यात बसतेय? एअर सस्पेन्शन असं तपासा

माझ्या सेकंडहँड गाडीला एअर सस्पेन्शन आहे. रोज सकाळी तिचा पुढचा डावा कोपरा खाली बसलेला दिसायचा. स्टार्ट केली की थोड्या वेळात वर यायची, म्हणून मी 2 महिने दुर्लक्ष केलं. तेच महागात पडलं.

यात लोखंडी स्प्रिंगऐवजी रबरी फुगे असतात. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, हाइट सेन्सर उंची मोजतो. फुगा गळत असेल तर कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावं लागतं आणि शेवटी तो जळतो. माझाही जळला.

तुम्ही हे करा:

1. सपाट जागी गाडी लावा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, मोबाईलमध्ये लिहून ठेवा.
2. सकाळी स्टार्ट न करता पुन्हा मोजा. एकच कोपरा खाली गेला तर बहुतेक गळतीच. उंची तीच, पण गाडी तिरकी? मग सेन्सर किंवा कॅलिब्रेशन तपासून घ्या.
3. गळती शोधायला मेकॅनिककडून फुग्यावर आणि पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी मारून घ्या. बुडबुडे येतील तिथे हवा गळतेय.

आणि हो, स्वतः गाडीखाली अजिबात जाऊ नका. हवा गेली तर गाडी अचानक खाली बसते.

मी वेळीच फक्त फुगा बदलला असता, तर कॉम्प्रेसरचा खर्च वाचला असता!