मृतांच्या मुलखातील धाड : अण्णा भाऊ साठे यांच्या दोन कथात्म संहितांचा विचार

मृतांनी व्यापलेल्या प्रदेशात जिवंत माणसांनी शिरावे, तेथील मौल्यवान वस्तू हस्तगत करावी आणि पहाट होण्यापूर्वी परतावे, हा कथावाङ्मयातील एक जुना कल्पनाबंध आहे. मराठी वाचकाला तो वेताळपंचविशीमुळे परिचित आहे. विक्रम राजा रात्री स्मशानात जातो, झाडावर लटकणारे प्रेत खांद्यावर घेतो आणि ते प्रेत बोलू लागते. अलीकडच्या चित्रपटांनी या कल्पनाबंधाला दरोड्याची जोड दिली. २०२० च्या 'पेनिन्सुला' या कोरियन चित्रपटात डॉलरांनी भरलेला ट्रक आणण्यासाठी एक टोळी झोंबींनी व्यापलेल्या द्वीपकल्पात उतरते. २०२१ च्या 'आर्मी ऑफ द डेड'मध्ये लास वेगासमधील एका जुगारगृहाची तिजोरी फोडण्यासाठी अशीच टोळी त्या ओस पडलेल्या शहरात शिरते. मराठीत 'झोंबिवली' (२०२२) या चित्रपटाने चालती प्रेते डोंबिवलीत आणली, परंतु तेथे दरोडा नाही.

'झोंबी' हा शब्द मराठी वाचकाला प्रथम आनंद यादव यांच्या १९८७ च्या आत्मचरित्रात्मक कादंबरीची आठवण करून देतो, आणि तेथे त्याचा अर्थ झटापट, झुंज असा आहे. चित्रपटातील 'झोंबी' ही संज्ञा मात्र कॅरिबियन समुद्रातील हैतीमधून आली. फ्रेंच वसाहतीच्या काळात तेथील उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबविले जात असे. मरणानंतरही सुटका नाही, प्रेताला उठवून पुन्हा मळ्यावर जुंपले जाईल, ही भीती या कल्पनेच्या मुळाशी आहे. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या चित्रपटात अशी माणसे साखरेच्या घाण्यावर राबताना दिसतात. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या चित्रपटानंतर झोंबी हा मांसभक्षक झाला आणि त्याचे राबणे विस्मरणात गेले. हे विस्मरण महत्त्वाचे आहे, कारण सातारा-सांगलीच्या मातीतून आलेल्या अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या साहित्यात हा कल्पनाबंध त्याच्या मूळ आशयाच्या, म्हणजे श्रम आणि भूक यांच्या, अधिक निकट आढळतो.

अण्णा भाऊंचे वाटेगाव वाळवा तालुक्यातील. त्यांच्या जन्मकाळी हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी या वारणाकाठच्या मुलखाची आहे. तिच्यात एक नव्हे, तीन धाडी आहेत, ही गोष्ट समीक्षेने पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. पहिली धाड जोगणीची. आपल्या गावात जत्रा भरावी म्हणून फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी पळवून आणतो आणि त्यासाठी प्राण देतो. ही चोरी गावाच्या प्रतिष्ठेसाठी आहे. दुसरी धाड दुष्काळात धान्यासाठी पडते आणि तिसरी सरकारी खजिन्यावर. जोगणीपासून धान्यापर्यंत आणि धान्यापासून नाण्यापर्यंत झालेला हा प्रवास एका गावगाड्याचा वसाहतकालीन अर्थव्यवस्थेशी आलेला संबंधच सूचित करतो.

या कादंबरीत चालती प्रेते नाहीत. पण दुष्काळाने आणि रोगराईने खंगलेली, जगण्या-मरण्याच्या सीमेवर उभी असलेली वस्ती आहे. येथे चित्रपटातील मांडणी उलटी होते. चित्रपटात अर्धमृत माणसे दरोडेखोरांच्या वाटेतील अडथळा असतात. ती टोळीची कोणीही नसतात, म्हणून त्यांना गोळ्या घालताना प्रेक्षकाला काही वाटत नाही. 'फकिरा'त अर्धमृत माणसे टोळीच्या घरची आहेत. धाड त्यांच्यातून निघते आणि लूट घेऊन त्यांच्याकडेच परतते. संपत्ती जेथे आहे तो वाडा मात्र जिवंत, भरलेला आणि पहारा असलेला आहे. फकिराचा शेवटही यामुळेच ठरतो. सरकार त्याला रणात पकडू शकत नाही. त्याच्या माणसांना ओलीस धरल्यावर तो आपण होऊन हजर होतो. ज्यांच्यासाठी धाड घातली त्यांच्यामुळेच तो सापडतो, आणि कादंबरी याला पराभव मानत नाही.

हजेरीचा प्रसंगही याच अंगाने वाचावा लागतो. गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा १८७१ मध्ये झाला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला आणि १९५२ मध्ये तो रद्द झाला. या कायद्याखाली माणूस गुन्हा करण्यापूर्वीच गुन्हेगार ठरत असे. रोज मोजली जाणारी, गाव सोडण्याची मुभा नसलेली माणसे नावापुरतीच जिवंत उरतात. फकिराला 'दरोडेखोर' म्हणावे की 'बंडखोर', या वादात अनेकदा हे सुटून जाते की कायद्याने त्याला पहिले नाव आधीच बहाल केले होते.

या मुलखाच्या स्मृतीत लुटीचा असा भेद पुढेही राहिला. प्रतिसरकारच्या काळात ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी गाडी लुटणाऱ्यांत जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे याच भागातले कार्यकर्ते होते. तो पैसा चळवळीचा मानला गेला. 'फकिरा' प्रसिद्ध झाली तेव्हा या घटनांना पंधरा-सोळा वर्षेच लोटली होती; तिच्या पहिल्या वाचकाला खजिन्याची लूट ही केवळ रंजक अद्भुतकथा वाटली नसणार.

प्रस्तुत कल्पनाबंधाचे खरे कठोर रूप मात्र कादंबरीत नसून 'स्मशानातील सोनं' या कथेत आहे. भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड गडी पोटासाठी मुंबईला येतो आणि शहराबाहेरच्या खाणीत दगड फोडू लागतो. खाण बंद पडते. हताश बसलेला असताना त्याला राखेच्या ढिगात सोन्याची अंगठी सापडते आणि तो स्मशाने धुंडाळू लागतो. मृताच्या तोंडात सोन्याचा कण घालण्याची, अंगावर दागिना राहू देण्याची रीत श्रीमंतांना परवडते. गरिबाच्या राखेत काही सापडत नाही. म्हणजे स्मशानातही वर्गभेद आहे, आणि तो राख चाळणाऱ्यालाच कळतो.

येथे टोळी नाही, ही बाब निर्णायक आहे. फकिरामागे भाऊबंद होते, नातेसंबंधांचे जाळे होते. मुंबईत आलेल्या भीमाजवळ बायको, लहान मुलगी आणि स्वतःचे बळ याखेरीज काही नाही. तो एकटा निघतो, बायकोच्या भीतीला न जुमानता. नुकत्याच पुरलेल्या प्रेतावर कोल्हेही टपलेले असतात. माणूस आणि श्वापद एकाच मढ्यासाठी झुंजतात, आणि कथेचा बराच भाग या झुंजीने व्यापला आहे. मराठी अर्थाने ही खरी 'झोंबी' होय. काही वाचकांना हा भाग अतिरेकी, बीभत्साकडे झुकणारा वाटतो. त्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु कोल्ह्यांची झुंज वगळली तर भीमा कोणत्या पातळीवर येऊन उभा आहे हे विधानाने सांगावे लागले असते, आणि विधान तेवढे परिणामकारक ठरले नसते.

कोल्ह्यांना हरवल्यानंतर खरा पहारेकरी जागा होतो. सोन्यासाठी भीमा पहारीने प्रेताचा जबडा उघडतो, बोटे आत घालतो आणि दातखीळ मिटते. प्रेत उठत नाही, बोलत नाही. वेताळाप्रमाणे ते कोडेही घालत नाही. ते केवळ बोटे धरून ठेवते. अण्णा भाऊंनी येथे भुताखेताचा आधार घेतलेला नाही. अंगावर काटा आणणारी ही घटना पूर्णपणे शारीर आहे. भीती भीमाच्या मनात आहे, कथेच्या विश्वव्यवस्थेत नाही. चित्रपटातील झोंबीच्या चाव्याने माणूस झोंबी होतो. भीमाला हा दंश भोवतो तो वेगळ्या रीतीने. त्याची दोन बोटे काढून टाकावी लागतात, आणि त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते.

येथे हैतीच्या मूळ कल्पनेशी असलेले नाते स्पष्ट होते. तेथे मृतालाही कामातून सुटका नाही. येथे जिवंत माणसाचे काम करण्याचे साधनच मृत हिरावून घेतो. भीमाला ना पोलीस पकडतात, ना कोणी शाप देते. चोरीबद्दलची नैतिक शिक्षा म्हणून या शेवटाकडे पाहणारे विवेचन वर्गात वारंवार ऐकू येते, परंतु संहितेत त्याला आधार सापडत नाही. खाण बंद झाली तेव्हा ती भीमाला विचारून झाली नव्हती, आणि सुरू झाली तीही त्याची वाट पाहून नव्हे. डोंगर फोडणारा तो धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडतो, ते सोन्यासाठी नाही. पहार अजून त्याच्या घरात आहे. ती धरणारा हात आता पूर्वीचा नाही.