भुशाचा हिशेब

माझ्या आजोळी भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद फिरवून काढायची. त्यामुळे लग्न होऊन आले आणि घरामागेच सुतारकामाचं वर्कशॉप दिसलं, तेव्हा भुसा मला माहेरचाच वाटला! आमचं गाव माले. (मालेगाव नव्हे हं! हे मुळशीतलं, पौडच्या पुढचं.) पंधरा वर्षं संध्याकाळी मशिनं थांबली की झाडू माझ्या हातात.

गेल्या पावसाळ्यात खोकला धरला तो जाईचना. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काम काय करता?"

"काही नाही, घरीच असते."

"मग केसांत हे काय?"

कानशिलाजवळ भुसा होता. एक्स-रे स्वच्छ निघाला, पण त्यांनी बजावलं, ही धूळ बंद करा. म्हणाल्या, जाड भुसा खाली पडतो, तो दिसतो म्हणून आपण झाडतो. पण सँडरची धूळ केसाच्या सातव्या हिश्शाहूनही बारीक असते, ती तासन्‌तास हवेत तरंगते. कोरड्या झाडूने आपण तीच पुन्हा उडवतो आणि श्वासात घेतो.

मुलीने आणखी माहिती काढली. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात डॉ. एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घशाच्या सर्जन होत्या. नाकातल्या एका दुर्मीळ कॅन्सरचे पेशंट पुन्हा पुन्हा फर्निचर बनवणारेच निघताहेत, हे या बाईंच्या लक्षात आलं. १९६८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत ते प्रसिद्ध केलं. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाच्या धुळीला कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. हे वाचून रात्री मला झोप लागली नाही.

आमचे हे म्हणाले, "अगं, एक्झॉस्ट फॅन बसवू की." मी म्हटलं, "अहो, मुळशीचा पाऊस! जून ते सप्टेंबर शटर खाली. आणि फॅन हवा खेचेपर्यंत धूळ नाकात गेलेली असते." धूळ निघते तिथेच पकडायला हवी. गिरणीत नाही का, पिठाच्या तोंडाला कापडी बाही बांधतात! हवा बाहेर जाते, पीठ आत राहतं. डस्ट कलेक्टर म्हणजे ओढणारा पंखा जोडलेली तीच बाही. नव्या राउटरसाठी साठवलेले पैसे होते, त्यावरून आठ दिवस घरात अबोला. शेवटी मीच चौकटीच्या वहीत शेडचा नकाशा काढला.

पहिली चूक माझीच. शेतीच्या दुकानातला चार इंची पाइप स्वस्त, म्हणून तोच सगळीकडे लिहिला. फॅब्रिकेटरने समजावलं की भुसा पाइपात न बसता वाहायचा तर हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फूट हवा. त्या वेगाने चार इंचीतून ३५० घनफूट हवा जाते, तर सहा इंचीतून ७८५! म्हणून मुख्य पाइप सहा इंची. काटकोनाचे सांधे नकोत, तिथे वेग मरतो. तिरके 'वाय' घ्यायचे. सुरळीसारखा लवचीक पाइप हातभरच, कारण त्याच्या वळ्या हवा अडवतात. प्रत्येक फाट्याला झडप, चालू मशीनचीच उघडायची. सँडर सगळ्यांत जवळ, कारण बारीक धूळ त्याचीच. मध्ये सायक्लोन. म्हणजे टांगलेलं पत्र्याचं नरसाळं. हवा त्यात गरगर फिरते, जाड भुसा कडेने घसरून ड्रममध्ये पडतो आणि पिशवीवर कमी भार येतो. जेम्स डायसनला पिशवीशिवायच्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना लाकडाच्या गिरणीवरचा असाच सायक्लोन बघून सुचली होती म्हणे.

यंत्र शेडबाहेर पत्र्याच्या छपराखाली बसवायचं, म्हणजे पिशवीतून निसटलेली धूळ आत फिरणार नाही. पावसाचा ओलावा पिशवीला लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी आडोसा. आणि आत विडी ओढायची नाही! भुशात ठिणगी पडली तर पिशवीसकट सगळं पेटेल.

वहीत एक गोष्ट राहिलीच होती. सासूबाई रोज बंबात आमचा भुसा घालायच्या, त्यात एमडीएफचाही असायचा. एमडीएफमध्ये फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, त्याचा धूर नको. शेजारच्या पोल्ट्रीलाही तो भुसा देणं बंद केलं. आता ड्रम दोन असणार, एक नुसत्या लाकडाचा, एक एमडीएफचा. सासूबाई कुरकुरल्या, "आजवर काय झालं?" मी एक्स-रेचं पाकीट दाखवलं. ते स्वच्छ होतं हे मात्र सांगितलं नाही.

पाइप आलेत, पडवीत पडलेत. पंख्याची मोटर यायची आहे. तोवर कोरडा झाडू बंद. पाणी शिंपडून, मास्क लावून भुसा हेच काढतात. पहिल्या संध्याकाळी बाहेर आले ते भुवयांसकट पांढरे होऊन. मला म्हणाले, "अगं, एवढी धूळ असते रोज?"