मिरजेचा तानपुरा : कानाच्या कामाची मजुरी

आपल्या जिल्ह्यात बुलढाणा काय, खामगाव काय, कॉलेजच्या गॅदरिंगला आता गिटार हवीच असते. ती बहुधा कारखान्यातली असते. साच्यातून निघालेल्या शेकडो गिटारींपैकी एक. शिकणाऱ्याला ती पुरते, त्यात गैर काही नाही. पण युरोप-अमेरिकेत हाताने गिटार घडविणाऱ्या कारागिराचा मान वेगळा असतो. गिऱ्हाईक आधी नाव नोंदवते, पैसे भरते आणि मग महिनोन्‌महिने थांबते. वाद्याच्या पोटात कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि त्या चिठ्ठीला किंमत असते.

या कारागिराला इंग्रजीत ‘लुथिअर’ म्हणतात. शब्द मोठा मजेचा आहे. तो ल्यूट या वाद्याच्या नावावरून आला आणि ल्यूट आले अरबी ‘अल्-ऊद’वरून. ऊद म्हणजे लाकूड. आपल्या घरात, दर्ग्यात जो ऊद जळतो त्याचे नावही तिथलेच. अरबांबरोबर ऊद स्पेनला गेला, तेथून युरोपभर पसरला आणि वाद्य घडविणाऱ्याला त्याने आपले नाव देऊन टाकले.

असे कारागीर आपल्याकडे नाहीत काय? आहेत, आणि त्यांच्या गावाला जायला गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. शेगावला किंवा मलकापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसावे. ही गाडी पुण्यावरून कोल्हापूरकडे जाते आणि कोल्हापूरच्या थोडे आधी मिरज लागते. स्टेशनवर उतरून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचा पत्ता विचारावा. त्याच भागात सतारमेकर गल्ली आहे. तेथे गिटार नव्हे, सतार आणि तानपुरा बनतो. देशातल्या नामांकित गवयांच्या मागे जे तानपुरे वाजताना दिसतात, त्यांतले कितीतरी या गल्लीतून गेलेले आहेत.

तलवारीकडून तारेकडे

सतारमेकर मंडळी मुळात शिकलगार. तलवारी, खंजीर, भाले यांना पाणी द्यायचे, धार लावायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल स्थिरावला, संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि शस्त्रांचे काम बसले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते. दरबारात गाण्याची आवड असल्याने बाहेरचे कलावंत येत आणि त्यांची वाद्ये प्रवासात मोडत, बिघडत. ती दुरुस्त करणारे हात जवळपास कोणाचे होते? शिकलगारांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांनी हे काम हाती घेतले असे सांगतात. दुरुस्ती करता करता वाद्य आतून कळले आणि मग नवे वाद्य घडले. शिकलगार हे नाव मागे पडून सतारमेकर हेच आडनाव झाले.

धंदा बुडाला म्हणून हातावर हात ठेवून बसणारे आपल्या समाजात थोडे नाहीत, म्हणून या गोष्टीवर आम्ही थोडे रेंगाळतो. या लोकांनी हत्यार टाकले नाही, हत्याराचे काम बदलले. पोलादाला कानस किती लावायची आणि कुठे थांबायचे हे ज्याच्या बोटांना ठाऊक होते, त्याला पुढे तेच ज्ञान जवारीच्या कामी आले असावे असे आम्हाला वाटते. जवारीची गोष्ट पुढे येईलच.

मिरजेचे नाव देशभर होण्यास आणखी एक कारण घडले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) येथे येऊन राहिले. खाँसाहेब तानपुऱ्याच्या सुराबाबत कमालीचे काटेकोर होते आणि वाद्यदुरुस्तीतही त्यांचा हात चालत असे. असा माणूस गावात राहतो म्हटल्यावर कारागिराला चुकायला जागाच राहत नाही. दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. उरुसाच्या निमित्ताने तेथे संगीतसभा होते आणि मोठमोठे कलावंत हजेरी लावायला येतात.

भोपळा येतो पंढरपूरकडून

तानपुऱ्याचे पोट म्हणजे भोपळा. भाजीचा नव्हे, हा कडू, जाड सालीचा आणि एका माणसाच्या मिठीत जेमतेम मावेल एवढा मोठा. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे शेतकरी तो वाद्यांसाठीच पिकवतात. वेलावर असतानाच तो कलंडू नये, एका बाजूने बसू नये म्हणून जपावे लागते. पिकल्यावर तो उन्हात महिनोन्‌महिने वाळतो. अवकाळी पाऊस झाला की साल डागळते, भोपळा आतून कुजतो आणि पुढच्या वर्षीचा माल हातचा जातो. शेगावची दिंडी दर आषाढीला ज्या मुलखात पायी जाते तेथलाच हा भोपळा, आणि दिंडीत विणेकऱ्याच्या गळ्यात असते ती वीणाही याच कुळातली.

मिरजेत आल्यावर भोपळा भिजवतात, तोंड कापतात, गर आणि बिया काढतात. तोंड आत ओढले जाऊ नये म्हणून आतून काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. मग लाकडी गळा जोडायचा, त्यावर पोकळ दांडी बसवायची आणि पुढून तबली चढवायची. लाकूड बहुधा तूनचे. ते हलके असते, त्याला कीड सहसा लागत नाही आणि ते बोलते. जोडावर कोरलेली लाकडी पाने असतात. लोकांना ती नक्षी वाटते, पण ती सांधा धरून ठेवतात. गवई पुरुष असेल तर मोठ्या भोपळ्याचा मर्दानी तानपुरा. बाईंचा सूर उंच म्हणून जनानी तानपुरा आकाराने लहान. भोपळ्याचा घेर आवाज ठरवतो. म्हणून कारागीर भोपळे निवडताना घेर मोजतो, टिचकी मारून ऐकतो, मग बाजूला ठेवतो.

पूर्वी नक्षीत हस्तिदंत आणि घोडीला सांबरशिंग वापरत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे ते बंद झाले. आता प्लास्टिक, हाड, लाकूड असे पर्याय आले आहेत. जुन्या तानपुऱ्यावर हस्तिदंत दिसले तर विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही कायदा माहीत करून घ्यावा.

आवाज कुठे असतो?

गिटारीच्या जगात एक किस्सा प्रसिद्ध आहे. स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने आजच्या गिटारीला तिचे रूप दिले. किंमत महाग लाकडाची असते असे लोकांना वाटत असे. तोर्रेसने १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या केल्या. फक्त पुढची फळी नीट निवडलेल्या लाकडाची ठेवली. आवाज पुढच्या फळीत आणि ती पातळ करणाऱ्या हातात असतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

मिरजेच्या कारागिराला पुठ्ठ्याचा प्रयोग करावा लागला नाही. त्याचा भोपळा शेतातलाच. त्याची सगळी करामत घोडीवर, म्हणजे तारा ज्या रुंद पट्टीवर टेकतात तिच्यावर असते. गिटारीत तार एका अरुंद कडेवर टेकते आणि तेथून सुटते. तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला केसाएवढा उतार दिलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते. त्यामुळे एका सुरातून अनेक सूर उमलल्यासारखे येतात आणि आवाज लवकर विरत नाही. ही जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी आला की बंद असलेला आवाज एकदम खुलतो. ज्याने हे एकदा ऐकले त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

विज्ञानालाही याचे नवल वाटले. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्यावर लेख लिहून दाखवले की तारेच्या ठरावीक बिंदूवर छेडल्यास जे उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू येऊ नयेत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात. रामन यांना नोबेल मिळाले ते १९३० साली आणि वेगळ्या संशोधनासाठी. पण तंबोऱ्याच्या घोडीने त्यांना आधीच अडवून धरले होते.

हा उतार देण्यासाठी कोणताही साचा नाही. कारागीर कानस चार वेळा फिरवतो, तार लावतो, छेडतो, ऐकतो, तार सैल करतो, पुन्हा कानस. एक हात जास्त पडला की तार झिणझिणते. कमी पडला की आवाज मुका. भोपळा कापायला, पॉलिश करायला शागीर्द लवकर शिकतो. जवारीला कान तयार व्हावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात. तीही गवयाच्या समोर बसून, त्याचे बोलणे ऐकून.

हिशेब येथे चुकतो

आता धंद्याचे बोलू. तानपुरा विकत घेणारा काय पाहतो? पॉलिशची चमक, पानांची नक्षी, कडेची पट्टी. भावही त्यावरच होतो. जवारी मात्र किमतीत धरलेली, जणू दुकानदाराने पिशवी फुकट द्यावी तशी. दुरुस्तीच्या वेळी तर गिऱ्हाईक घड्याळ पाहते : अर्धा तास कानस घासली, त्याचे एवढे पैसे? त्या अर्ध्या तासामागे वीस वर्षांचे ऐकणे असते. डॉक्टरने दोन मिनिटे नाडी पाहिली म्हणून आपण फी कमी करून मागत नाही. कारागिराकडे मागतो.

याचा परिणाम उघड आहे. जे काम डोळ्यांना दिसते त्याची मजुरी मिळते, म्हणून ते काम वाढते. जे कानाला कळते त्याची मिळत नाही, म्हणून ते शिकायला मुलगा तयार होत नाही. नवी पिढी दुसऱ्या धंद्यांकडे वळते आहे, हे मिरजेतले वडीलधारे कारागीर बरीच वर्षे सांगत आले आहेत. त्या मुलांना दोष कसा द्यावा?

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला सरसकट नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. बंगळूरला तो बनू लागल्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला. आता तर तो मोबाइलवरही आला. तो हवेने उतरत नाही, एस.टी.त मोडत नाही, आणि रियाझाला एकट्या विद्यार्थ्याचे काम भागवतो. पण त्याने कारागिराचा मधला गिऱ्हाईक नेला. पूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी साधा का होईना एक तानपुरा असे आणि त्याची जवारी दर वर्षा-दोन वर्षांनी काढावी लागे. ते बारीकसारीक, बारमाही काम हीच शागिर्दाची शाळा होती.

मानांकन मिळाले, पुढे?

३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नागपुरी संत्र्याला आणि आपल्या शेजारच्या जळगावच्या केळ्याला ते आधीच मिळालेले आहे, त्यामुळे आपल्या वाचकांना ही चीज नवी नाही. १९९९ च्या कायद्याने हे मानांकन एका माणसाचे नसते, गावातल्या सगळ्या उत्पादकांचे असते. सतारीसाठी मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर आणि तानपुऱ्यासाठी सोलट्यून ही उत्पादकांची संस्था यांच्या नावे नोंद झाली. सुमारे ४५० कारागीर या कामात असल्याचे त्या वेळी तेथून सांगण्यात आले.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. संस्थेच्या नावे नोंद झाली म्हणजे प्रत्येक कारागीर आपोआप आत आला असे होत नाही. प्रत्येकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली स्वतंत्र नोंद चेन्नईच्या कार्यालयात करून घ्यावी लागते आणि मानांकनाचे दर १० वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. जो दुकानदार आहे तो कागदपत्रे करील. जो त्याच्या दुकानामागे बसून कानस चालवतो, त्याचे काय? आमच्या मते नोंद त्याची आधी व्हायला हवी. वाद्याच्या पोटात गिटारीसारखी चिठ्ठी चिकटवायची झाली तर तीवर दुकानाच्या नावाशेजारी जवारी काढणाऱ्याचेही नाव असावे. गिऱ्हाईकाला पुढच्या वेळी कोणाला बोलवायचे ते कळेल, आणि त्या माणसालाही भाव सांगता येईल.

आपल्या जिल्ह्यातून वाद्य घ्यायला कोणी मिरजेला जाणार असेल तर गाणाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. पॉलिश शेवटी पाहावे. आधी डोळे मिटून चारही तारा एकेक करून सावकाश छेडाव्यात, आवाज किती वेळ टिकतो ते ऐकावे आणि धागा काढून पुन्हा लावून दाखवायला सांगावे. भोपळ्यावर बारीक चीर आहे का ते उजेडात बघावे. परत येताना पेटी लगेजमध्ये न टाकता जवळ ठेवावी. भोपळ्याला धक्का सोसत नाही. आणि बिल करताना जवारीची मजुरी वेगळी लिहून मागावी, ती कमी न करता द्यावी.

घरी आणल्यावरही काम संपत नाही. वाजवून वाजवून तारांच्या खाचा घोडीवर पडतात आणि आवाज बसतो. तेवढ्यासाठी वाद्य पुन्हा मिरजेला नेणे परवडत नाही, म्हणून आपल्याकडे शाळांतून आणि भजनी मंडळांतून मुके तानपुरे आणि वीणा खुंटीला टांगलेल्या दिसतात. जवारीची अवजारे मात्र एका पिशवीत मावतात आणि मिरजेचे कारागीर पुण्या-मुंबईला असे फिरतीचे काम करीत आले आहेत. शेगाव, खामगाव, चिखली, बुलढाणा येथील संगीत क्लास, शाळा आणि भजनी मंडळे यांनी मिळून वर्षातून दोन दिवस एका कारागिराला बोलावले, जाण्यायेण्याचे भाडे वाटून घेतले आणि दर वाद्यामागे ठरलेली मजुरी दिली, तर खर्च कोणाच्याच अंगावर येणार नाही. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की हे काम चांगले होते, म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस योग्य. पत्र किंवा फोन मात्र महिनाभर आधी करावा. त्या सुमारास मैफलींचा हंगाम सुरू होतो आणि चांगला कान असलेला माणूस मोकळा सापडत नाही.