हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही

कर्जाचा हप्ता काही महिने पुढे ढकलण्याची मुभा म्हणजे मोरॅटोरियम. तिला माफी समजणे महागात पडते. २७ मार्च २०२० रोजी, कोरोनाची टाळेबंदी लागून दोनच दिवस झाले असताना, रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मेदरम्यानचे हप्ते लांबवण्याची परवानगी बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांना दिली. पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. या काळात न भरलेला हप्ता थकबाकी धरला जाणार नव्हता आणि सिबिलच्या पतनोंदीवर डागही पडणार नव्हता. पगार कापला गेलेल्या घरांना तो मोठाच आधार होता. पतसंस्थांचे कर्जदार मात्र या आदेशात बसले नाहीत, कारण पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात.

खरी गोष्ट हिशेबात आहे. ३० लाखांचे गृहकर्ज, व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षे असेल तर हप्ता सुमारे २५,०९३ रुपये होतो. सुरुवातीच्या काळात त्यातले २०,००० रुपये नुसते व्याजाचेच असतात. सहा महिने काहीच भरले नाही तर जवळपास १ लाख २२ हजार रुपये मुद्दलात जमा होतात. हप्ता तोच ठेवला तर आधीच्या २४० ऐवजी सुमारे २६६ हप्ते भरावे लागतात. म्हणजे सहा महिन्यांच्या विश्रांतीसाठी २६ जादा हप्ते! कर्ज जुने असेल तर हा भार बराच कमी होतो, कारण तेव्हा हप्त्यात मुद्दलाचा वाटा मोठा असतो. क्रेडिट कार्डाचे गणित याहून कठोर असते. तिथे दरमहा ३ टक्क्यांच्या आसपास व्याज चढते.

व्याजावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान केंद्र सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला, तोही नियमित हप्ते भरणाऱ्यांसह सर्वांना. २३ मार्च २०२१ च्या निकालाने ही सवलत सगळ्याच कर्जदारांना मिळाली, पण संपूर्ण व्याजमाफीची मागणी न्यायालयाने फेटाळली. वरच्या उदाहरणात हा फरक जेमतेम २,००० रुपयांचा आहे. निकालाचे स्वागत मोठे झाले, तरी घरखर्चात त्याने फारसा फरक पडला नाही.

ती सरसकट मुभा आता नाही. उत्पन्न घटले तर ज्याने त्याने आपल्या बँकेशी बोलून कर्जाची पुनर्रचना मागायची असते. मुदत वाढवणे किंवा काही महिने फक्त व्याज भरणे, असे मार्ग त्यात असतात. ज्याला व्याजापुरते पैसे जमवता येतात, त्याने तेवढे तरी भरावे, म्हणजे मुद्दल फुगत नाही. अर्ज पहिला हप्ता चुकण्याआधी करावा, कारण थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरते. मग तारण घरासाठी ६० दिवसांची नोटीस येऊ शकते आणि त्यानंतर ताब्याची कारवाई.

शाखेत जाताना पगारकपातीचे पत्र किंवा धंद्याचे खातेउतारे न्यावेत आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नये. मुदत वाढणार की हप्ता, कर्ज निवृत्तीच्या वयापलीकडे जाते का, सिबिलमध्ये ‘पुनर्रचित’ अशी नोंद होईल का, हे लेखी विचारावे. जामीनदारालाही आधीच सांगणे बरे. त्याला ही बातमी नोटिशीतून कळू नये.

वसुली एजंटांना सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकावणे आणि नातेवाइकांत बदनामी करणेही नियमबाह्य आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पतसंस्थेच्या कर्जदाराने सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जावे.